अध्यक्षांनी गाडी लावली

सोमवारी सकाळी नऊला दहा कमी असताना चष्मेवाल्यांना स्वतःच्या दुकानासमोर, अगदी काचेच्या दारासमोर, गाडी लावायला जागा मिळाली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. औषधांच्या दुकानात माल उतरवून एक टेम्पो निघाला आणि मागून येणाऱ्या चष्मेवाल्यांनी मागचा पुढचा विचार न करता गाडी आत घातली. पाठीमागे बूटवाल्यांचा हॉर्न वाजला. तो बराच वेळ वाजत राहिला. त्यात शब्द नव्हते, पण अर्थ पुरेपूर होता.

चष्मेवाल्यांनी गाडीला कुलूप लावलं, चार पावलं मागे गेले आणि नवं घर बांधून झाल्यावर माणूस ते लांबून पाहतो तशी त्यांनी गाडी पाहिली. मग शटर वर केलं.

बाजाराच्या त्या मुख्य रस्त्यावर पालिकेनं गाड्या लावायला छत्तीस जागा आखून दिल्या होत्या. सकाळी नऊपर्यंत दुकानदार येत आणि छत्तीसच्या छत्तीस भरून टाकत. रात्री दुकानं बंद झाली की त्या रिकाम्या होत. मधल्या अकरा तासांत गिऱ्हाइकं गाडी घेऊन येत, दोन चकरा मारत, तिसऱ्या चकरेला वैतागत आणि शहराबाहेरच्या मोठ्या मॉलमध्ये निघून जात. व्यापारी संघटनेला याचं अतोनात दुःख होतं. चष्मेवाले या संघटनेचे अध्यक्ष. 'पार्किंग वाढवा, बाजार वाचवा' असा फलक त्यांनी चौकात लावून घेतला होता. त्या छत्तीस गाड्या कोणाच्या असतात, हा प्रश्न मात्र संघटनेच्या एकाही बैठकीत निघाला नव्हता. सगळी घरंदाज माणसं होती.

आदल्या आठवड्यात पालिकेच्या वाहतूक विभागातल्या अभियंता बाई संघटनेच्या बैठकीला आल्या होत्या. बाई तरुण, आवाज बारीक, हातात नकाशाची गुंडाळी. त्या म्हणाल्या, "शहर बस याच रस्त्यावरून जाते, पण तिला थांबायला जागाच नाही. ती सरळ पाण्याच्या टाकीपाशी जाऊन थांबते. तिथून म्हाताऱ्या माणसांना दहा मिनिटं चालत मागं यावं लागतं. छत्तीसपैकी आठ जागा काढून इथं थांबा करायचा विचार आहे."

"बसनं येतं कोण?" अध्यक्षांनी विचारलं. "ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघांसाठी आठ गाड्या हलवायच्या?"

सगळे हसले. अभियंता बाई हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "मग मोजूया ना. सोमवारपासून महिनाभर बसमधली माणसंही मोजू आणि तुमच्या जागाही. जागा रिकाम्या दिसल्या तर काढू. बस रिकामी दिसली तर थांबा रद्द."

हे सगळ्यांना पसंत पडलं. बाई गेल्यावर अध्यक्षांनी दार लोटून घेतलं.

"ऐका. महिनाभर एकही जागा रिकामी दिसता कामा नये. मोजणारा माणूस कधी येईल सांगता येत नाही. पहाटे येईल, रात्री येईल."

"म्हणजे रात्री गाड्या घरी न्यायच्याच नाहीत?" घड्याळवाल्यांनी विचारलं. ते वयानं मोठे आणि स्वभावानं बारीक होते.

"मी तसं म्हटलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण ज्याला बाजाराची काळजी आहे, त्यानं समजून घ्यावं."

तेव्हा अध्यक्षांना स्वतःला जागा नव्हती. ते गाडी तीन गल्ल्या पलीकडे, एका दवाखान्याच्या फाटकाशी चोरून लावत. त्यामुळे हा उपदेश त्यांच्या तोंडून अगदी सहज गेला.

आणि आता सोमवार उजाडला होता, मोजणी सुरू झाली होती आणि अध्यक्षांना जागा मिळाली होती.

रात्री आठला त्यांनी शटर ओढलं, किल्ली खिशात टाकली आणि वळून पाहतात तो काय, त्यांच्या गाडीला खेटून बूटवाले आपल्या गाडीत बसलेले. इंजिन चालू, काच खाली, कोपर बाहेर.

"निघताय का अध्यक्ष?"

"बघू."

"सावकाश हो, मला काही घाई नाही. तुमची निघाली की माझी लगेच लावतो. जागा रिकामी दिसता कामा नये, तुम्हीच म्हणालात."

 बूटवाल्यांना चष्मेवाले वीस वर्षं ओळखत होते. हा गृहस्थ एकदा इथं शिरला की महिनाभर हलणार नाही, आणि महिन्यानंतरही ती जागा आपलीच म्हणून सांगेल. चष्मेवाल्यांनी गाडीच्या दाराला लावलेला हात काढून घेतला, कपड्यानं काच पुसल्यासारखं केलं आणि म्हणाले, "मला जरा टाकीकडं काम आहे. जाऊन येतो."

"येताय ना परत?"

"बघू."

टाकीपाशी बस उभीच होती. चष्मेवाले चौदा वर्षांत बसमध्ये चढले नव्हते. आत सात माणसं होती. कंडक्टर बाईंनी त्यांच्याकडे पाहून "कुठं, काका?" असं विचारलं, तेव्हा क्षणभर त्यांना स्वतःच्या घराच्या थांब्याचं नाव आठवेना. मग आठवलं. ते खिडकीशी बसले. बस पंचवीस मिनिटांत घरापाशी पोचली. वाटेत कोणी हॉर्न दिला नाही, कोणी आडवं घुसलं नाही, आणि घराखाली गाडी लावायला जागा शोधत फिरावं लागलं नाही. प्रवास बरा झाला, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते त्यांना आवडलं नाही.

बायको दारातच होती. "गाडीचा आवाज नाही आला?"

"सर्व्हिसिंगला टाकलीय."

हे वाक्य विचाराच्या आधी बाहेर पडलं.

"मागच्याच महिन्यात केली होती की."

"क्लच," चष्मेवाले म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मंगळवारी सकाळी ते बसनं बाजारात आले. गाडी जागेवर होती. त्यांनी तिच्यावरची धूळ पुसली. बूटवाल्यांनाही तोवर जागा मिळाली होती, कारण शिंप्याच्या मुलीला सकाळी ताप आला आणि शिंप्याला गाडी काढावी लागली. बाजारात लोकांनी मुलीच्या तब्येतीची चौकशी केली, पण आधी जागेची केली.

त्या रात्री टाकीपाशी बसमध्ये चढल्यावर चष्मेवाल्यांना शेवटच्या सीटवर एक वर्तमानपत्र दिसलं. ते उलटं धरलेलं होतं. त्याच्यामागं घड्याळवाले होते.

"तुम्ही इकडं कुठं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"गाडी गॅरेजला आहे. तुमची?"

"गॅरेजलाच."

"कुठल्या?"

"त्या... तिकडच्या."

"हं. चांगला आहे तो," घड्याळवाले म्हणाले. दोघांनाही फार हलकं वाटलं.

बुधवारी औषधवाले भेटले. गुरुवारी पडदेवाले आणि त्यांचा भाऊ. शुक्रवारी बूटवाले स्वतः चढले आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर पाठ करून बसले. सगळ्यांच्या गाड्या गॅरेजमध्ये होत्या. दुसऱ्या आठवड्यात तर रात्री साडेआठच्या बसला बसायला जागा मिळेना. दुकानदार दांडीला लोंबकळत, एकमेकांची नजर चुकवत, बाहेरच्या अंधारात काहीतरी महत्त्वाचं शोधत उभे राहत.

"हल्ली छान गर्दी होते हो, काका," कंडक्टर बाई तिकीट फाडता फाडता चष्मेवाल्यांना म्हणाल्या. "आधी सहा-सात टाळकी असायची. फेरी बंद करणार होते. आता साहेब म्हणतात, रोजचा आकडा लिहून द्या."

"हो का," चष्मेवाले म्हणाले. त्या वेळी ते घड्याळवाल्यांच्या कोपराखालून श्वास घेत होते. बाईंचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं, पण डोक्यात शिरलं नाही. डोक्यात गाडी होती. आज पुसायची राहिली होती.

दुकानात दिवसा फारसं कोणी येत नव्हतं. एकदा दोन बहिणी आल्या आणि त्यांनी दारातूनच विचारलं, "गाडी कुठं लावायची हो?" चष्मेवाले तत्परतेनं उठले. त्यांनी पार्किंगच्या टंचाईबद्दलचं पत्रक दाखवलं, पालिका बाजाराचा गळा कसा घोटतेय ते समजावून सांगितलं आणि निवेदनावर दोघींच्या सह्या घेतल्या. दोघी चष्मा न करताच गेल्या, पण सह्या ठळक होत्या.

घरी मात्र प्रकरण तापत चाललं होतं. चष्मेवाल्यांचे सासरे त्यांच्याकडेच राहत. त्यांचा डावा गुडघा धरलेला. दर गुरुवारी त्यांना व्यायामासाठी बाजारामागच्या दवाखान्यात न्यावं लागे. पहिल्या गुरुवारी बायकोनं शेजाऱ्यांच्या गाडीतून सोय केली. त्याच संध्याकाळी तिनं विचारलं, "क्लच अजून झाला नाही?"

"क्लच झाला. आता ब्रेक निघालाय."

"निघालाय म्हणजे?"

"म्हणजे त्याचा पार्ट मिळत नाहीये."

 दुसऱ्या दिवशी बायकोनं गॅरेजला फोन लावला. मेकॅनिक म्हणाला, "ताई, तुमची गाडी इकडं आलेलीच नाही. मागच्या महिन्यात नेलीत त्यानंतर मी ती पाहिलेली नाही." त्याच दिवशी जिन्यात शेजारीणबाई भेटल्या आणि त्यांनी मायेनं सांगितलं की तुमची गाडी बाजारात दिवसरात्र उभी असते, सगळं ठीक आहे ना घरात?

बायको सहा दिवस गप्प राहिली. सातव्या दिवशी गुरुवार होता. तिनं वडिलांना बसमध्ये घातलं, टाकीपाशी उतरवलं आणि हाताला धरून बाजारापर्यंत चालवत आणलं. दहा मिनिटांच्या वाटेला पंचवीस लागली. दुकानासमोर ती गाडी पाहून ती थांबली. मग आत आली. चष्मेवाले एका फ्रेमची काडी बसवत होते.

"बाहेर उभी आहे ती गाडी कुणाची?"

चष्मेवाल्यांच्या हातातला स्क्रू पडला. तो शोधायला ते काउंटरखाली वाकले आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ वाकलेलेच राहिले.

"आपलीच," खालून आवाज आला.

"वर या आणि सांगा."

ते वर आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मोजणी, बूटवाले, पहिली रात्र, बस, क्लच. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दुसरी बाई वगैरे काही नाही?"

"छे, काहीतरीच काय."

"असती तर निदान कुणाला सांगता आलं असतं," ती म्हणाली. "हे मी कुठल्या तोंडानं सांगू? बाबा लंगडत आलेत टाकीपासून, आणि नवऱ्यानं काय केलं, तर जागा धरली. चावी द्या इकडं."

"अगं, ऐक तरी. महिन्याचाच प्रश्न आहे. आत्ता गाडी हलवली तर पडदेवाल्यांचा भाऊ टपलेलाच आहे समोर. मी अध्यक्ष आहे. माझीच जागा गेली तर लोक काय म्हणतील?"

"चावी."

चष्मेवाल्यांनी चावी काउंटरवर ठेवली. बायकोनं ती उचलली आणि बाहेर वडिलांना हाक मारायला गेली. पण सासरे दुकानाच्या पायरीवर नव्हते. दहा दिवसांपूर्वी गाडीचं मागचं दार नीट लागलं नव्हतं. ते उघडून सासरे आत जाऊन बसले होते. त्यांनी पुढची सीट सरकवली होती, पाय लांब सोडले होते आणि डोळे मिटले होते.

"बाबा, चला. घरी जायचंय."

"थांब जरा," सासरे डोळे न उघडता म्हणाले. "जावईबापू, या गाडीत गुडघ्याला फार आराम पडतो हो. आणि इथं माणसं दिसतात येणारी-जाणारी. घरी भिंत दिसते."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि तिचा नाइलाज झाला. त्या दिवशी गाडी हलली नाही. दुसऱ्या दिवसापासून सासरे ज्येष्ठांचा पास काढून रोज दहाच्या बसनं येऊ लागले. टाकीपासून चालत येत, गाडीत बसत, रेडिओ लावत, वर्तमानपत्र वाचत, दुपारी डबा खात आणि पाचच्या बसनं घरी जात. रोजच्या चालण्यानं त्यांचा गुडघा सुधारला. बायको नवऱ्याशी कामापुरतं बोलत राहिली, आणि तिच्या मते कामं फार थोडी होती.

तिसऱ्या आठवड्यात पालिकेच्या दुसऱ्याच एका विभागाला जाग आली. पंधरा दिवस जागची न हललेली गाडी बेवारस धरायची, असा त्यांचा नियम होता. एक कर्मचारी भगव्या चिकटपट्ट्यांचं बंडल घेऊन आला आणि एकेका गाडीच्या काचेवर 'बेवारस वाहन. सात दिवसांत न हलवल्यास उचलण्यात येईल' अशी पट्टी चिकटवत निघाला. आपापल्या दुकानाच्या काचेतून मालक पाहत होते. गाडी माझी आहे म्हणावं तर ती हलवावी लागणार, नाही म्हणावं तर उचलली जाणार. कोणीच बाहेर आलं नाही.

चष्मेवाल्यांच्या गाडीपाशी कर्मचारी थांबला. आत सासरे वर्तमानपत्र वाचत होते.

"आजोबा, ही गाडी चालू आहे का?"

"रेडिओ चालू आहे," सासरे म्हणाले. "बसा की. बिस्किट घेता?"

कर्मचाऱ्यानं बिस्किट घेतलं, थोडा विचार केला आणि वहीत लिहिलं, 'वाहन जागचे हललेले नाही. तथापि आत एक ज्येष्ठ नागरिक वास्तव्यास आहेत.' पट्टी न लावता तो पुढे गेला.

हे बाजारानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्यांच्या गाडीत त्यांची आत्या येऊन बसली. औषधवाल्यांनी वडिलांना आणलं. पडदेवाल्यांच्या घरात कोणी म्हातारं उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी बायकोच्या मामांना गावाहून बोलावून घेतलं. आठवडा संपेपर्यंत सतरा गाड्यांमध्ये सतरा वृद्ध माणसं बसलेली होती. बाकीच्या गाड्या उचलायला पालिकेची क्रेन काही आली नाही. ही म्हातारी मंडळी सकाळी बसनं येत, संध्याकाळी बसनं जात. दिवसभर खिडक्यांतून एकमेकांशी गप्पा मारत, औषधांच्या वेळा सांगत, सुनांबद्दल बोलत. घरात त्यांच्याशी वर्षानुवर्षं कोणी एवढं बोललं नव्हतं. बाजार इतका भरलेला आणि इतका गिऱ्हाइकांविना पूर्वी कधी दिसला नव्हता.

महिना संपला. शुक्रवारी पालिकेच्या सभागृहात बैठक झाली. संघटनेचे लोक पुढच्या रांगेत बसले. मागच्या रांगांत गाड्यांमधली वृद्ध मंडळी होती. बाहेर काहीतरी चाललंय म्हटल्यावर तीही हौसेनं आली होती. मुख्याधिकारी मधोमध बसले होते. अभियंता बाईंनी कागद उघडला.

"आधी पार्किंग. महिनाभरात आम्ही नव्वद वेळा मोजलं. सकाळ, दुपार, रात्र. छत्तीसपैकी छत्तीस जागा कायम भरलेल्या."

टाळ्या वाजल्या. चष्मेवाल्यांनी मागं वळून मान तुकवली.

"अशा रस्त्यावर एका जागेवर दिवसाला सात-आठ गाड्या येऊन जातात," बाई पुढे म्हणाल्या. "इथं पूर्ण महिन्यात छत्तीस जागांवर मिळून सदतीस गाड्या आल्या. म्हणजे एक गाडी निघाली आणि तिच्या जागी दुसरी आली. बाकी काहीच हललं नाही."

सगळ्यांनी शिंप्याकडे पाहिलं. शिंपी छताकडे पाहू लागला.

"आता बस. टाकीपासून रात्री साडेआठच्या फेरीला आधी सरासरी सात माणसं असायची. या महिन्यात बावन्न. सकाळच्या फेरीला एकोणपन्नास. शिवाय सतरा ज्येष्ठ नागरिक, रोज, दोन्ही वेळा. खरं सांगते, आम्हाला स्वतःलाच एवढी अपेक्षा नव्हती. बसनं येतं कोण, असं अध्यक्षसाहेबांनी विचारलं म्हणून मोजलं गेलं. त्यांचे आभार."

चष्मेवाले उभे राहिले. 

"साहेब, माझी हरकत आहे. हे प्रवासी खरे नाहीत."

"खरे नाहीत म्हणजे?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

"म्हणजे आहेत. पण नेहमीचे नव्हेत. ते एका विशिष्ट परिस्थितीमुळे... म्हणजे त्यांना खरं तर बस नको आहे."

"तिकीट काढून रोज दोन वेळा बसतात आणि त्यांना बस नको आहे?"

"तसंच काहीसं."

"तुम्हाला कसं माहीत?"

 तेवढ्यात अभियंता बाई म्हणाल्या, "कंडक्टर बाईंना बोलावलंय, त्यांनाच विचारूया." दाराशी उभ्या असलेल्या कंडक्टर बाई पुढे आल्या. त्यांनी पुढची रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, खरे नाहीत काय? सगळे इथंच बसलेत की. हे काका, ते पेपरवाले काका, ते ड्रायव्हरमागं बसतात ते. काल अर्धी रांग आलीच नाही, मी पाच मिनिटं गाडी थांबवली. म्हटलं कुणी आजारी पडलं की काय."

सभागृहात कोणी हसलं नाही. मागच्या रांगेतून सासऱ्यांनी मात्र मोठ्यानं सांगितलं, "मीही येतो रोज. गुडघा सुधारला माझा. बाजारात थांबा करा, पण पाय मोकळे करायला मी टाकीपाशीच उतरेन." वृद्ध मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याधिकाऱ्यांनी दोन मिनिटांत निर्णय दिला. चष्म्याच्या दुकानापासून औषधांच्या दुकानापर्यंतच्या आठ जागा काढायच्या. सोमवारी सकाळी काम सुरू. तोवर गाड्या हलवाव्यात.

शनिवारी दुपारी चष्मेवाले, त्यांची बायको आणि सासरे गाडीपाशी जमले. चष्मेवाल्यांनी चावी फिरवली. गाडीनं एकदा घसा खाकरला आणि गप्प झाली. पुन्हा फिरवली. या वेळी तिनं तेवढंही केलं नाही.

"बॅटरी उतरली," बायको म्हणाली. "बाबांनी तीन आठवडे गाणी ऐकली. उतरा तुम्ही. मी बसते स्टिअरिंगला, तुम्ही ढकला. शेजारच्या गल्लीत उतार आहे, तिथं होईल चालू."

ढकलायला चष्मेवाले एकटे पुरेनात. समोरून बूटवाले आले. त्यांची स्वतःची गाडी चालू झाली नव्हती आणि ती कोणी ढकलायला मिळतं का ते पाहत ते फिरत होते. "आधी तुमची, मग माझी," ते म्हणाले आणि त्यांनी खांदा लावला. सासरे मागच्या सीटवर बसून राहिले, कारण उतरायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. गाडी हळूहळू जागेबाहेर आली, रस्ता ओलांडून गल्लीच्या तोंडाशी गेली. तिथं श्वास घ्यायला चष्मेवाल्यांनी मान वर केली आणि मागे पाहिलं.

त्यांच्या जागेत एक लाल गाडी शिरत होती.

त्यांनी हात काढला आणि ते धावत सुटले. उताराच्या तोंडाशी बूटवाले गाडीसकट एकटे उरले.

लाल गाडीतून चाळिशीची एक बाई उतरली. शेजारच्या सीटवर तिची आई काठी सावरत होती.

"ताई, ही जागा आमची आहे," चष्मेवाले धापा टाकत म्हणाले.

"असं कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. पण किती वेळ लावणार आहात?"

"तासभर तरी लागेल. आईला चष्मा करायचाय, मलाही दोन करायचेत, एक वाचायचा, एक उन्हाचा. वर्षभरात तीनदा येऊन गेले हो, जागाच मिळत नव्हती. आज नशीबच म्हणायचं. हे दुकान तुमचंच का?"

चष्मेवाल्यांनी ते ऐकलं. तीन चष्मे हेही ऐकलं. पण त्यांचं लक्ष चौकाकडे होतं. तिथून पडदेवाल्यांच्या भावाची गाडी वळत होती. काचेवर अजून भगवी पट्टी होती, पण गाडी चालू झाली होती आणि हळूहळू, जागा हुंगत, इकडेच येत होती.

"गाडी जरा लांब लावून या ना," चष्मेवाले म्हणाले.

"आईला चालवत नाही."

"मग बसनं यायचं. सोमवारपासून इथं थांबाच होणार आहे."

बाईनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग ती गाडीत बसली, आईच्या मांडीवरची काठी नीट केली आणि गाडी मागे घेतली. "मॉलमध्ये जाऊ गं आई," एवढं खिडकीतून ऐकू आलं. लाल गाडी निघून गेली. जागा रिकामी झाली. पडदेवाल्यांचा भाऊ दहा फुटांवर आला होता. चष्मेवाले दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले.

पडदेवाल्यांच्या भावानं हॉर्न दिला. चष्मेवाले हलले नाहीत. त्यानं काच खाली केली आणि विचारलं, "अध्यक्ष, गाडी कुठाय?"

"येतेय."

गल्लीतून खरंच इंजिनाचा आवाज आला. गाडी उतारावर चालू झाली होती. बायकोनं ती वळवून रस्त्यावर आणली. शेजारी बूटवाले बसले होते, घाम पुसत. मागं सासरे होते.

"अहो, झाली चालू," बायकोनं हाक मारली. "आता बंद करता यायची नाही, सरळ घरी नेते. वाटेत यांनाही सोडते, बिचाऱ्यांनी एकट्यानं ढकलली. चला, बसा."

"वळसा घालून इकडं आण. लवकर आण. मी थांबलोय."

बायकोनं त्यांच्याकडे, त्यांच्या पसरलेल्या हातांकडे, पायाखालच्या पट्ट्यांकडे पाहिलं. मग तिनं गिअर टाकला. बूटवाल्यांनी खिडकीतून हात केला, तो नमस्काराचा होता की टाटाचा ते कळलं नाही. गाडी घराच्या दिशेनं निघून गेली.

पाठोपाठ बस आली. पडदेवाल्यांच्या भावाच्या गाडीमुळे तिला क्षणभर थांबावं लागलं. दारातून कंडक्टर बाईंनी वाकून पाहिलं.

"काका, येताय का? जागा आहे आत बसायला."

"नाही," चष्मेवाले म्हणाले. "तुम्ही व्हा पुढं. मी जागा धरलीय."